ज्या शेलला त्याने देशाबाहेर काढलं, त्याच शेलचा पंप ७९ वर्षांनी मेक्सिकोत पुन्हा उघडला

१ जानेवारी २०१७.

थर्टी फर्स्ट साजरा करून मेक्सिकोतले लोक झोपले होते. सकाळी उठून गाडीत पेट्रोल भरायला गेले तर पंपावरचा आकडा बदललेला. साधं पेट्रोल एका रात्रीत १४ टक्क्यांनी महाग. प्रीमियम पेट्रोल २० टक्क्यांनी. डिझेल साडेसोळा टक्क्यांनी.

पेट्रोल महागणं आपल्याला काही नवीन नाही. पण मेक्सिको हा स्वतःच्या जमिनीतून आणि समुद्रातून तेल काढणारा देश. तिथले लोक भडकले. हायवे अडवले, तेलाच्या डेपोंना घेराव घातला, शेकडो दुकानं लुटली गेली. हजाराहून जास्त लोकांना अटक झाली. इदाल्गो राज्यातल्या इक्समिकिल्पान गावात रस्ता अडवणाऱ्या लोकांची पोलिसांशी चकमक झाली, त्यात दोघांचा जीव गेला.

पेट्रोलच्या दरावरून इतका राग का, हे कळायचं असेल तर १९७० सालीच वारलेल्या एका माणसाची गोष्ट समजून घ्यावी लागते.

त्याचं नाव लाझारो कार्देनास. मेक्सिकोची गोरगरीब जनता त्याला ताता लाझारो म्हणायची. मिचोआकान भागातल्या आदिवासींच्या भाषेत ताता म्हणजे वडील. आपल्या तात या शब्दासारखाच.

कार्देनासचा जन्म २१ मे १८९५ चा. गाव हिकिलपान, राज्य मिचोआकान. वडिलांचं छोटं दुकान होतं, तिथे बिलियर्डचं टेबल होतं. घरात आठ भावंडं. अकराव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगा गावच्या कर कार्यालयात कारकुनी करायला लागला. अक्षर चांगलं होतं, तेवढीच काय ती पुंजी. १९११ साली वडील गेले. तेव्हा तो १६ वर्षांचा होता आणि मुलांमध्ये थोरला. घर त्याच्या अंगावर पडलं. कर कार्यालयातलं काम सांभाळून तो गावातल्या एका छापखान्यातही राबायला लागला.

हा छापखानाच त्याचं आयुष्य बदलणार होता.

मेक्सिकोत तेव्हा क्रांतीचा वणवा पेटला होता. १९१३ साली राष्ट्राध्यक्ष मादेरो यांचा खून करून जनरल हुएर्ता सत्तेवर बसला आणि त्याच्याविरुद्ध ठिकठिकाणी बंड झालं. हिकिलपानच्या छापखान्यात बंडखोरांचं पत्रक छापलं गेलं. ही खबर सरकारी फौजेला लागली. सैनिक गावात आले आणि त्यांनी छापखाना फोडून टाकला. कार्देनासला पळ काढावा लागला. अठराव्या वर्षी तो बंडखोरांच्या फौजेत दाखल झाला. तिथल्या अधिकाऱ्याने पोराचं अक्षर पाहिलं आणि त्याला बंदुकीबरोबर लिखापढीचं कामही दिलं.

१९१५ साली त्याची गाठ पडली प्लुतार्को एलियास कायेस या नेत्याशी. कायेसने या शांत, कमी बोलणाऱ्या पोरात काहीतरी पाहिलं आणि त्याला हाताखाली घेतलं. पुढची वीस वर्षं कायेस त्याचा गॉडफादर होता. १९२० साली कार्देनास जनरल झाला तेव्हा त्याचं वय होतं फक्त २५.

१९२५ मध्ये कार्देनासची बदली झाली हुआस्तेका भागात. तांपिको बंदराच्या आसपासचा हा भाग म्हणजे मेक्सिकोचा तेलाचा पट्टा.

या पट्ट्याची तेव्हाची परिस्थिती पाहा. १९२१ साली मेक्सिकोने १९ कोटी ३० लाख बॅरल तेल काढलं होतं. अमेरिकेनंतर जगात दुसरा नंबर. जगात निघणाऱ्या तेलातला साधारण चौथा हिस्सा एकट्या मेक्सिकोचा. पण हे तेल काढत होत्या अमेरिकन आणि ब्रिटिश कंपन्या. त्यात दोन सगळ्यात मोठ्या. एक, एल आगिला, जी पुढे रॉयल डच शेलच्या ताब्यात होती. दुसरी, हुआस्तेका पेट्रोलियम, जी नंतर स्टँडर्ड ऑइल ऑफ न्यू जर्सीने घेतली.

कंपन्यांच्या वसाहतींमध्ये परदेशी साहेबांसाठी बंगले, दवाखाने, नळाचं पाणी आणि क्लब. कुंपणाच्या पलीकडे मेक्सिकन मजुरांच्या झोपड्या, चिखल आणि मलेरिया. एकाच कामाचा पगार परदेशी माणसाला वेगळा, मेक्सिकन माणसाला वेगळा. कंपन्यांनी स्वतःची खासगी हत्यारबंद माणसं ठेवलेली. युनियनचं नाव काढणाऱ्याला ती सरळ करायची.

नवीन लष्करी अधिकारी आला की त्याला खूश करायची कंपन्यांची पद्धत ठरलेली होती. कार्देनास जुनी खटारा गाडी वापरतो हे पाहून एका कंपनीने त्याच्यासाठी नवी कोरी पॅकार्ड गाडी भेट म्हणून पाठवल्याची गोष्ट त्याच्या चरित्रात सांगितली जाते. त्याने ती परत पाठवली. या काळात त्याच्या सोबत होता त्याचा मित्र फ्रान्सिस्को मुहिका. हा मुहिका साधा माणूस नव्हता. जमिनीखालची सगळी संपत्ती देशाच्या मालकीची आहे असं सांगणारं १९१७ च्या राज्यघटनेतलं कलम २७ तयार करणाऱ्यांपैकी तो एक. म्हणजे कायद्याने तेल मेक्सिकोचंच होतं. प्रत्यक्षात मात्र कुंपणाच्या आत मेक्सिकोचा कायदा पोहोचतच नव्हता. हे कार्देनासने स्वतःच्या डोळ्यांनी तीन वर्षं पाहिलं.

१९२८ ला तो मिचोआकानचा गव्हर्नर झाला. त्यानंतर पक्षाध्यक्ष, गृहमंत्री, युद्धमंत्री. १९३२ साली आमालिया सोलोरसानो हिच्याशी लग्न झालं. १९३४ साली मुलगा झाला, त्याचं नाव ठेवलं कुआउतेमोक, स्पॅनिश आक्रमकांशी लढलेल्या शेवटच्या अॅझ्टेक सम्राटाचं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

आता या सगळ्या काळात मेक्सिकोची खरी सत्ता होती कायेसच्या हातात. त्याची स्वतःची राष्ट्राध्यक्षपदाची मुदत १९२८ ला संपली होती, पण त्यानंतरच्या सहा वर्षांत तीन राष्ट्राध्यक्ष झाले आणि तिघांच्याही दोऱ्या कायेस हलवायचा. १९३४ ला त्याने कार्देनासला पुढे केलं. सगळ्यांना वाटलं चौथं बाहुलं आलं.

निवडणूक तर जिंकणारच होता. तरीही कार्देनास प्रचाराला निघाला. रेल्वे, मोटार, विमान, बोट, घोडा, जे मिळेल त्याने सुमारे २७ हजार किलोमीटर फिरला. ज्या खेड्यांनी कधी आमदार पाहिला नव्हता तिथे राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार जमिनीवर बसून लोकांचं ऐकत होता.

सत्तेवर आल्यावर त्याने पहिल्यांदा स्वतःचा पगार अर्धा केला. चापुल्तेपेकच्या राजवाड्यात राहायला नकार दिला आणि साध्या घरात मुक्काम हलवला. तो राजवाडा पुढे म्युझियम झाला. जुगाराचे अड्डे बंद केले, त्यात कायेसच्या मित्रांचे अड्डेही आले. रोज एक तास तार खातं लोकांसाठी फुकट ठेवलं, म्हणजे गावाकडचा माणूस आपली तक्रार थेट राष्ट्राध्यक्षाला तारेने कळवू शकेल.

कायेस चिडला आणि उघड टीका करू लागला. कार्देनासने घाई केली नाही. आधी फौजेतली, मंत्रिमंडळातली आणि राज्यांमधली कायेसची माणसं एकेक करून बदलली. मग १० एप्रिल १९३६ रोजी कायेसला विमानात बसवून अमेरिकेला पाठवून दिलं. मेक्सिकोच्या त्या काळच्या राजकारणात विरोधकाला गोळी घालायची पद्धत होती. कार्देनासने रक्ताचा थेंबही न सांडता काम केलं.

मग त्याने हात घातला जमिनीला. सहा वर्षांत सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जमीन मोठ्या हवेल्यांकडून काढून सुमारे ८ लाख शेतकऱ्यांना वाटली.

याच काळात मेक्सिकोच्या शेतीत एक मराठी माणूसही काम करत होता. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे. गदर चळवळीतले खानखोजे इंग्रजांपासून लांब राहत फिरत फिरत १९२४ साली मेक्सिकोत पोहोचले, चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवायला लागले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा चालवल्या. मेक्सिकोचा जगप्रसिद्ध चित्रकार दिएगो रिवेराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवलं. कार्देनासच्या काळातला मेक्सिको हा असा होता. स्पेनच्या यादवी युद्धातून सुटलेले हजारो निर्वासित, स्टॅलिनपासून पळालेला ट्रॉट्स्की, सगळ्यांना तिथे दार उघडं होतं.

आता येऊया तेलाकडे.

१९३५ साली तेल कामगारांच्या विखुरलेल्या युनियन एकत्र आल्या आणि देशभराची एकच युनियन झाली. त्यांनी एकसारखा पगार आणि सोयींची मागणी केली. कंपन्यांनी ऐकलं नाही. मे १९३७ मध्ये संप झाला. पेट्रोल मिळेना, वाहतूक अडखळली. सरकारने कामगारांना कामावर परत पाठवलं आणि प्रकरण चौकशी समितीकडे दिलं. समितीत होते अर्थतज्ज्ञ जेसुस सिल्वा हेर्झोग. समितीने कंपन्यांच्या वह्या तपासल्या आणि हजारो पानांचा अहवाल दिला. त्याचं सार एवढंच, की कंपन्यांना वर्षाला २ कोटी ६० लाख पेसो जास्तीचे देणं सहज परवडतं.

डिसेंबर १९३७ मध्ये कामगार मंडळाने तोच आकडा ठरवून निकाल दिला. कंपन्या सुप्रीम कोर्टात गेल्या. १ मार्च १९३८ ला सुप्रीम कोर्टानेही कामगारांच्या बाजूने निकाल दिला. तरी कंपन्या मानायला तयार नव्हत्या.

गंमत म्हणजे इथपर्यंत कार्देनासचाही कंपन्या ताब्यात घ्यायचा पक्का विचार नव्हता. वाटाघाटी चालूच होत्या. कंपन्या रक्कम द्यायला जवळपास तयार झाल्या, पण कामगार याहून जास्त मागणार नाहीत याची हमी कोण देणार, असं त्यांनी विचारलं. कार्देनासने सांगितलं, हमी राष्ट्राध्यक्षाची. यावर कंपनीच्या एका माणसाच्या चेहऱ्यावर अविश्वासाचं हसू आलं आणि कार्देनासने तिथेच बैठक संपवली, असा किस्सा मेक्सिकोत आजही सांगितला जातो.

एक गोष्ट मात्र नक्की. वाद २ कोटी ६० लाख पेसोचा राहिला नव्हता. देशाच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल परदेशी कंपनीने पाळायचा की नाही, हा प्रश्न होता.

१८ मार्च १९३८, रात्रीचे १०. कार्देनास रेडिओवर आला. सतरा कंपन्यांची मालमत्ता सरकार ताब्यात घेत असल्याचं त्याने देशाला सांगितलं. फुकट नाही, भरपाई देऊन. पण तेल आता मेक्सिकोचं.

पाच दिवसांनी राजधानीत लाखोंचा मोर्चा निघाला. जमीन वाटपावरून कार्देनासवर नाराज असलेले लोक, त्याला धर्मबुडवा म्हणणारे चर्चवाले, सगळे या एका मुद्द्यावर त्याच्या मागे उभे राहिले.

पण भरपाईचे पैसे आणायचे कुठून? १२ एप्रिलला राजधानीतल्या बेयास आर्तेस या भव्य नाट्यगृहात देणगी गोळा करायला टेबलं मांडली. पुढाकार होता आमालियाचा. बायकांच्या रांगा लागल्या. श्रीमंत घरच्या बायकांनी दागिने काढून दिले, कुणी लग्नातली अंगठी दिली. खेड्यातून आलेल्या बायकांनी कोंबड्या आणून दिल्या. जमलेली रक्कम भरपाईच्या मानाने काहीच नव्हती. पण ज्या घरातून अंगठी किंवा कोंबडी गेली, त्या घराला पुढे पिढ्यानपिढ्या वाटत राहिलं की या तेलात आपला वाटा आहे.

२०१७ च्या रागाचं मूळ इथे आहे.

कंपन्यांनी लगेच नाकेबंदी केली. मेक्सिकोचं तेल म्हणजे चोरीचा माल असा प्रचार केला. टँकर जहाजं मिळेनात. यंत्रांचे सुटे भाग मिळेनात. पेट्रोलमध्ये मिसळायचं रसायनही कुणी विकेना. परदेशी इंजिनिअर निघून गेले. महिनाभरात सगळं बंद पडेल असा कंपन्यांचा हिशोब होता.

मेक्सिकन फोरमन आणि मजुरांनी तो चुकवला. जुने भाग जोडून, जुगाड करून त्यांनी विहिरी आणि रिफायनऱ्या चालू ठेवल्या. ७ जून १९३८ रोजी सरकारी तेल कंपनी जन्माला आली, तिचं नाव पेत्रोलियोस मेक्सिकानोस, म्हणजेच पेमेक्स.

याची दुसरी बाजूही आहे. नाकेबंदीमुळे गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा फॅसिझमचा कट्टर विरोधक असलेल्या कार्देनासला हिटलरच्या जर्मनीला आणि मुसोलिनीच्या इटलीला तेल विकावं लागलं. ब्रिटनशी राजनैतिक संबंध तुटले. आणि ज्या पगारवाढीसाठी हे सगळं झालं, ती कामगारांना लगेच मिळालीच नाही. पेमेक्सकडे पैसे नव्हते. १९४० मध्ये कार्देनासनेच युनियनला काटकसर करायला आणि नोकऱ्या कमी करायला सांगितलं.

अमेरिकेने मात्र टोकाची भूमिका घेतली नाही. महायुद्ध जवळ येत होतं आणि रूझवेल्टना शेजारी दुखवायचा नव्हता. १९४२ साली अमेरिकन कंपन्यांशी सुमारे २ कोटी ४० लाख डॉलरवर तडजोड झाली. ब्रिटिश कंपनीशी १९४७ साली. तिचे हप्ते १९६२ पर्यंत फिटले.

आपल्याकडे एसो म्हणजे स्टँडर्ड ऑइल आणि बर्मा शेल यांचं राष्ट्रीयीकरण झालं १९७४ ते १९७६ मध्ये. त्यातूनच मुंबईच्या हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम उभ्या राहिल्या. कार्देनासने तेच काम ३६ वर्षं आधी केलं होतं.

३० नोव्हेंबर १९४० ला त्याची मुदत संपली. तो सत्तेला चिकटून बसला नाही आणि कायेससारखा मागून दोऱ्याही हलवत बसला नाही. महायुद्धात काही वर्षं संरक्षणमंत्री होता. त्यानंतर मिचोआकानच्या नदीखोऱ्यांत धरणं, कालवे आणि रस्त्यांची कामं बघत राहिला. १९६१ साली क्युबावर हल्ला झाला तेव्हा तिकडे मदतीला जायची तयारी केली होती, पण मेक्सिको सरकारने जाऊ दिलं नाही.

१९ ऑक्टोबर १९७० रोजी कॅन्सरने त्याचं निधन झालं. योगायोग असा की कायेसही १९ ऑक्टोबरलाच वारला होता, १९४५ साली. आज दोघेही मेक्सिको सिटीतल्या क्रांती स्मारकात आहेत, एकाच छताखाली.

कार्देनास गेला, पण त्याने सुरू केलेला करार चालू राहिला. हा करार कागदावर कुठेही लिहिलेला नव्हता. तेल देशाचं, म्हणून देशातल्या माणसाला इंधन परवडलं पाहिजे. पेमेक्सने पुढची काही दशकं हेच केलं. देशी कारखान्यांना आणि गाड्यांना स्वस्त इंधन पुरवलं. दर ठरवायचं सरकार, आणि पेट्रोल विकायचा हक्क फक्त पेमेक्सचा. पंप खासगी मालकाचा असला तरी पाटी पेमेक्सची.

मग बिघडलं कुठे?

१९७० च्या दशकात कांतारेल नावाचं प्रचंड तेलक्षेत्र समुद्रात सापडलं. सरकारच्या हातात पैसा खेळायला लागला. सरकारचा जवळपास एक तृतीयांश खर्च पेमेक्सच्या पैशावर चालायला लागला. गाय दूध देतेय म्हटल्यावर काढत राहिले, चारा कुणी घातला नाही. १९७९ नंतर कित्येक दशकं देशात एकही नवीन रिफायनरी बांधली गेली नाही. युनियनचे पुढारी गब्बर झाले. २००४ नंतर कांतारेल आटायला लागलं आणि देशाचं तेल उत्पादन घसरत गेलं.

परिणाम असा झाला की मेक्सिको कच्चं तेल विकत होता आणि पेट्रोल विकत आणत होता. २०१६ पर्यंत देशात जळणारं अर्ध्याहून जास्त पेट्रोल बाहेरून, मुख्यतः अमेरिकेतून यायला लागलं. म्हणजे ज्वारी विकायची आणि भाकरी विकत घ्यायची, असा प्रकार.

अशा वेळी दर सरकारने बांधून ठेवला की काय होतं? बाहेर पेट्रोल महागलं की फरक सरकारी तिजोरीतून भरावा लागतो. यात गंमत अशी की ज्याच्याकडे मोठी गाडी, त्याला जास्त फायदा. ज्याच्याकडे गाडीच नाही, त्याला फक्त बसच्या तिकिटापुरता. म्हणून दर मोकळे करा, स्पर्धा येऊ द्या, वाचलेला पैसा दुसरीकडे वापरा, असं अर्थतज्ज्ञ बरीच वर्षं सांगत होते. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं.

डिसेंबर २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष एन्रिके पेन्या निएतो यांनी राज्यघटना बदलली आणि तेल क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं केलं. हे करताना त्यांनी नाव कुणाचं घ्यावं? कार्देनासचंच. कार्देनासने खासगी कंत्राटांना पूर्ण बंदी घातली नव्हती, आम्ही त्याच्याच मूळ विचाराकडे जातोय, असं सरकारने जाहिराती करून सांगितलं. तांत्रिकदृष्ट्या त्यात थोडं तथ्य होतं, कारण कंत्राटांचे दरवाजे पुरते बंद झाले ते कार्देनासनंतरच्या सरकारांच्या काळात.

पण या जाहिरातींना विरोध करायला घरचाच माणूस उभा राहिला. कार्देनासचा मुलगा कुआउतेमोक. १९८८ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक मतमोजणीची यंत्रणा अचानक बंद पडल्यानंतर तो हरला होता, ती घोटाळ्याने हिरावली गेली असं आजही अनेक मेक्सिकन मानतात. त्याने बापाच्या नावाचा असा वापर मान्य नाही म्हणून मोर्चे काढले, सार्वमताची मागणी केली. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने ती मागणी फेटाळली.

सुधारणा झाली की वीज आणि गॅस स्वस्त होईल असं लोकांना सांगितलं होतं. आणि १ जानेवारी २०१७ ला आली ती एका रात्रीतली दरवाढ. तेव्हा आंतरराष्ट्रीय दर चढत होते, ट्रम्प निवडून आल्यावर पेसो घसरला होता, आणि पेट्रोलवरचा कर सरकारने सोडला नव्हता. तिन्ही गोष्टी एकदम अंगावर आल्या. लोकांनी याला नाव दिलं गासोलिनासो, म्हणजे पेट्रोलचा तडाखा.

त्यानंतर फेब्रुवारीपासून दर रोज बदलायला लागले. मार्चअखेर उत्तरेतल्या बाहा कॅलिफोर्निया आणि सोनोरा या राज्यांत दर पूर्ण मोकळे झाले आणि ३० नोव्हेंबर २०१७ पर्यंत सगळ्या देशात.

परिणाम काय झाले? देशभर जवळपास एकच दर ही गोष्ट संपली. बंदर किंवा डेपो जवळ असेल तर वेगळा दर, डोंगरात लांब असेल तर वेगळा. मालवाहतूक महागली आणि तिच्याबरोबर भाजीपाला, मक्याची रोटी, बसचं तिकीट. २०१७ सालची महागाई ६.७७ टक्क्यांवर गेली, २००० सालानंतरची तोपर्यंतची सगळ्यात जास्त. दुसऱ्या बाजूला नवे पंप आले, नवे साठवण डेपो बांधायला सुरुवात झाली, ग्राहकाला पहिल्यांदाच पंप निवडायची मुभा मिळाली. पण पंपावर पाटी कुणाचीही असली तरी सुरुवातीला आतलं पेट्रोल बहुतेक पेमेक्सकडूनच येत होतं. त्यामुळे दर खाली आणेल अशी स्पर्धा लगेच काही दिसली नाही.

पाइपलाइन फोडून इंधन चोरण्याचा जुना धंदाही फोफावला. तिकडे त्याला हुआचिकोल म्हणतात. २०१७ या एका वर्षात पाइपलाइनला दहा हजारांहून जास्त ठिकाणी भोकं पाडलेली सापडली. १८ जानेवारी २०१९ ला त्लाउएलिल्पान गावात अशाच फुटलेल्या पाइपमधून पेट्रोल भरायला गर्दी जमली असताना स्फोट झाला. सव्वाशेहून जास्त माणसं गेली.

आणि सगळ्यात मोठी गंमत. सप्टेंबर २०१७ मध्ये मेक्सिकोत शेलचा पहिला पंप उघडला. डिसेंबरमध्ये आला मोबिलचा पंप, म्हणजे एक्सॉनमोबिलच्या ब्रँडचा. एक्सॉन म्हणजे पूर्वीची स्टँडर्ड ऑइल ऑफ न्यू जर्सी. १८ मार्च १९३८ च्या रात्री ज्यांना कार्देनासने घालवलं, त्याच दोन कंपन्या ७९ वर्षांनी पेट्रोल विकायला परत आल्या.

या रागाचा हिशोब २०१८ च्या निवडणुकीत झाला. पेट्रोलचे दर महागाईपेक्षा जास्त वाढू देणार नाही असं सांगणारे लोपेझ ओब्रादोर ५३ टक्के मतं घेऊन निवडून आले. त्यांनी ताबास्को या आपल्या राज्यात नवी रिफायनरी बांधायला घेतली आणि २०२२ साली तिचं उद्घाटन केलं. युक्रेन युद्धाने तेल भडकलं तेव्हा कर माफ करून दर दाबून धरले, त्यासाठी तिजोरीला मोठी किंमत मोजावी लागली. त्यांच्यानंतर आलेल्या क्लाउडिया शाइनबाउम यांनी २०२५ मध्ये पंपमालकांशी स्वखुशीचा करार केला, साधं पेट्रोल लिटरला २४ पेसोच्या आत ठेवायचा. म्हणजे कागदावर बाजार मोकळा आहे, पण एकाही सरकारची तो खरोखर मोकळा सोडायची हिंमत होत नाही.

कारण मेक्सिकोत पेट्रोलचा दर हा नुसता दर नाही. कार्देनासने लोकांना स्वस्त पेट्रोलचं वचन कधी दिलं नव्हतं. त्याने एवढंच सांगितलं होतं की तेल तुमचं आहे. पेमेक्स कर्जात बुडाली, विहिरी आटल्या, पेट्रोल टेक्सासहून यायला लागलं, तरी लोकांनी ते वाक्य सोडलं नाही.

आजही १८ मार्चला मेक्सिकोत तेल राष्ट्रीयीकरणाचा दिवस साजरा होतो. तिथला राष्ट्राध्यक्ष कुठल्याही पक्षाचा असो, त्या दिवशी त्याला कार्देनासचं नाव घ्यावंच लागतं.